बिऱ्हाडाच्या यादीत नसलेले

जुलै २०२५ च्या अखेरीस आपल्या सीमाभागात घराघरांत एकच विषय होता : नांदणीच्या मठातली हत्तीण. कोणी तिला महादेवी म्हणत, कोणी माधुरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील या मठात ती १९९२ पासून राहत होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातेत जामनगरजवळच्या 'वनतारा' केंद्रात हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला, आणि एका रात्री हजारो लोकांनी रडत रडत तिला निरोप दिला. पुढे कोल्हापुरात मोर्चा निघाला. शेवटी ऑगस्टमध्ये नांदणी परिसरातच हत्तींसाठी केंद्र उभारण्याची तयारी 'वनतारा'ने दाखवली. मठाचे भक्त महाराष्ट्रात आहेत तसे कर्नाटकातही आहेत. त्यामुळे हा वाद आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर मराठीत झाला तसा कन्नडमध्येही झाला.

एक बाजू म्हणत होती, तिच्या पायांना जखमा होत्या, ती वर्षानुवर्षे आपल्या जातीच्या सोबतीवाचून राहिली होती, तिला नेले हे बरेच झाले. दुसरी बाजू म्हणत होती, तेहतीस वर्षांचे घर आणि रोजची माणसे एका रात्रीत तोडणे ही कुठली दया? दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्या वादात कोण जिंकले ते मला आठवत नाही. मी गप्प बसलो होतो. माझ्या डोळ्यांपुढे हत्तीण नव्हती, आमचा मोत्या होता.

मित्रहो, हत्तिणीचे स्थलांतर वर्तमानपत्रांत आले. परंतु आपल्या भागात दर वर्षी कितीतरी बिऱ्हाडे हलतात. कोणी जंगलातली वाडी सोडून रस्त्यावरच्या गावात येतो, कोणी गाव सोडून बेळगावात, कोणी बेळगाव सोडून पुण्या-बेंगळूरला जातो. त्या प्रत्येक बिऱ्हाडामागे एखादी गाय, एखादे कुत्रे, एखादे मांजर असते. त्यांचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मला तो विचारावासा वाटतो, कारण त्या बाबतीत मी स्वतः अपराधी आहे.

आमचे मूळ घर जांबोटीच्या पलीकडे जंगलातल्या एका लहान वाडीत. कौलारू घर, पुढे खळे, मागे परडे आणि बाजूला गोठा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाट बंद. माझे शिक्षण आणि आजीचे दुखणे या दोन कारणांसाठी बाबांनी जांबोटीत घर घ्यायचे ठरवले. मे २०२२ मध्ये, पाऊस सुरू होण्यापूर्वी, आम्ही बिऱ्हाड हलवले. मी तेव्हा पी.यु.सी.ला कॉमर्सचा विद्यार्थी. जमाखर्चाची नुकतीच ओळख झालेली, त्यामुळे अंगात मोठा उत्साह. मी वहीला दोन रकाने आखून सामानाची यादी केली. तांब्याचा हंडा, जाते, पाटा-वरवंटा, आज्जांचे घोंगडे, भाताची पोती, देव्हारा, अगदी खुंटीवरचा कंदीलसुद्धा लिहिला. एकूण ६१ नग. टेंपो जांबोटीत उतरवला तेव्हा एकसष्टच्या एकसष्ट नग मिळाले. बाबांनी पाठ थोपटली.

त्या यादीत गंगव्वा गाय नव्हती, मोत्या कुत्रा नव्हता, मनी मांजर नव्हती आणि आजीच्या सात कोंबड्याही नव्हत्या. ती 'येतीलच' असे आम्ही धरून चाललो होतो. गंगव्वाला आज्जा चालवत घेऊन आले. कोंबड्या डालग्यात घालून आणल्या. मनी त्या गडबडीत माळ्यावर दडून बसली. 'मांजर आहे, राहील आपले आपण' असे म्हणून आम्ही तिला सोडून आलो. मोत्या मात्र टेंपोत माझ्या पायांशी बसून आला. वाटभर तो थरथरत होता.

नव्या घरी पहिल्या रात्री आम्ही त्याला अंगणातल्या खांबाला बांधले. तो जेवला नाही. रात्रभर केकाटत राहिला. शेजारी नवे, त्यांची झोपमोड झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला त्याची दया आली आणि मी त्याची साखळी सोडली. वाटले, जरा हिंडेल, पाय मोकळे करील, सवय होईल. संध्याकाळी मोत्या घरात नव्हता.

तिसऱ्या दिवशी वाडीतून निरोप आला. तो आमच्या कुलूप लावलेल्या दारासमोर बसला होता. आज्जा गेले आणि त्याला घेऊन आले. चार दिवसांनी तो पुन्हा गेला. पुन्हा आज्जा गेले. तिसऱ्यांदा गेला तेव्हा पाऊस लागला होता आणि ओढा भरला होता. शेजारची काकू रोज त्याला भात घालत होती, तो शिवत नव्हता, नुसता दाराकडे तोंड करून बसत होता असे तिने नंतर सांगितले. एका सकाळी तो तिथे नव्हता. त्या रानात बिबट्या आहे, आणि कुत्रे ही त्याची आवडती शिकार, एवढेच मला माहीत आहे. पुढचे काही सांगता येत नाही.

आज्जा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले, "इकत घेतलेल्या गाईची सोय केली आपण, घरच्या कुत्र्याची नाय केली."

या वाक्याचा अर्थ सांगायचा तर गंगव्वाची गोष्ट सांगावी लागेल. आमच्या नव्या घरी येण्याच्या तीन वर्षे आधी आज्जांनी तिला बैलहोंगलकडच्या एका शेतकऱ्याकडून आणली होती. आमच्याकडे आल्यावर तिने पान्हा चोरला. आजी कासेला हात लावी, वासरू ढुशा देई, पण दुधाची धार येईना. आज्जांनी जुन्या मालकाला फोन लावून विचारले. तो हसून म्हणाला, तिच्याशी कन्नडमध्ये बोला! त्या दिवसापासून आमची शुद्ध मराठी आजी गोठ्यात शिरताना "बा तायी, बा" म्हणू लागली. आज्जांनी मालकाकडून तिची जुनी घंटा मागवून तिच्या गळ्यात बांधली, तिथलीच थोडी वैरण आणून आमच्या पिंजरात मिसळली. आठवड्याभरात गंगव्वाने पान्हा सोडला. भाषेवरून आपल्या भागात माणसांची डोकी तापतात. गाईने मात्र आपली मागणी साधी ठेवली होती. ओळखीचा आवाज तेवढा ऐकू येऊ दे, एवढेच तिचे म्हणणे.

म्हणजे नव्या जागी जनावर कसे रुळवावे हे आमच्या घराला ठाऊक होते. परक्याकडून आणलेल्या गाईसाठी आम्ही ते सारे केले. घरच्या जनावरांच्या बाबतीत मात्र आम्हाला वाटले की आम्ही बरोबर आहोत, एवढे पुरे. इथेच आपले सर्वांचे चुकते.

घर म्हणजे काय, हे माणूस आणि जनावर निरनिराळ्या रीतीने समजतात. आपण घर बदलतो तेव्हा त्याचे कारण आपल्याला माहीत असते. महिनाभर आधी चर्चा होते, मुहूर्त पाहतात, नव्या घरात दूध उतू घालतात, वास्तुशांत करतात. ही सारी मनाची तयारीच असते. जनावराला नोटीस मिळत नाही. त्याच्या दृष्टीने एका सकाळी जग नाहीसे होते. कुत्र्याचे जग वासांचे. कोणता दगड आपला, कोणते झाड शेजारच्या कुत्र्याचे, हद्द कुठे संपते हे त्याने वर्षानुवर्षे हुंगून ठरवलेले असते. मांजर आपले गाल दारा-खांबांना घासते ते लाडाने घासते असे आपल्याला वाटते. वास्तविक तिच्या गालांजवळच्या ग्रंथींचा वास ती तिथे ठेवत असते, आणि तो वास म्हणजे तिचा 'येथे मी राहते' हा फलक. नव्या घरात असा एकही फलक नसतो. म्हणून ती माळ्यावर किंवा कपाटाखाली दडते, नाहीतर खिडकी उघडी दिसताच जुन्या घराची वाट धरते. आपली जुनी माणसे म्हणत, कुत्रे माणसाला धरून राहते, मांजर घराला धरून राहते. यात पुष्कळ तथ्य आहे, पण मोत्याने मला शिकवले की कुत्र्यालाही घर असते.

गाई-म्हशींचेही असेच. गाय घाबरली की तिच्या रक्तात भीतीचे जे द्रव्य उतरते ते पान्हा सोडणाऱ्या द्रव्याचे काम अडवते. म्हणून 'पान्हा चोरणे' ही गाईची लबाडी नव्हे, ती तिची भीती आहे. दुसरे, तिच्या पोटात वैरण पचवणारे सूक्ष्म जीव असतात. ते जुन्या वैरणीला सरावलेले असतात. एकदम नवी वैरण घातली तर पचन बिघडते. नव्या वैरणीला सरावायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. आज्जांना ग्रंथी आणि सूक्ष्म जीव यांतले काही ठाऊक नव्हते, पण त्यांनी वैरण मिसळली ती अगदी शास्त्राप्रमाणे.

मग काय करावे? मी काही पशुवैद्य नव्हे. पण गेल्या तीन वर्षांत जांबोटी-खानापूरकडच्या जाणत्या माणसांना आणि एका पशुवैद्यांना विचारून मी जे जमवले आहे ते सांगतो, कारण माझ्यासारखी चूक दुसऱ्या कोणी करू नये.

मांजराला आदल्या रात्रीच एका खोलीत कोंडून ठेवावे, म्हणजे सकाळच्या गडबडीत ते दडून बसत नाही. झाकणाच्या टोपलीत, तिच्या नेहमीच्या झोपायच्या फडक्यासह न्यावे. ते फडके धुऊ नये, त्यालाच घराचा वास असतो. नव्या घरी तिला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे, मग हळूहळू सारे घर दाखवावे, आणि दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडू नये. पहिल्यांदा सोडायचे ते जेवणाच्या वेळेआधी, उपाशीपोटी, म्हणजे ती हाकेसरशी परत येते.

कुत्र्याला शक्य असल्यास बिऱ्हाड हलवण्यापूर्वी दोन-चार वेळा नव्या जागी फिरवून आणावे. माणूस नवे घर आधी पाहतो, मग त्याने का पाहू नये? जेवणाची वेळ, भांडे, हाक मारणारा माणूस, यांतले काही बदलू नये. पहिले दोन-तीन आठवडे तो कितीही केकाटला तरी त्याला मोकळा सोडू नये. दोरी धरून रोज सकाळ-संध्याकाळ नव्या घराभोवती, त्याच त्याच वाटेने हिंडवावे. तिथल्या दगड-झाडांवर त्याला आपली खूण करू द्यावी. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहावा आणि रेबीजची लस टोचून घ्यावी. मी साखळी सोडली ती दयेपोटी सोडली. पण ती दया खरोखर आळशी होती. त्याच्याबरोबर तासभर हिंडण्याऐवजी मी त्याला एकट्यालाच हिंडायला पाठवले.

गाई-म्हशींना उन्हात हलवू नये. एका गोठ्यातली जनावरे बरोबरच न्यावीत आणि नव्या गोठ्यातही ज्या क्रमाने बांधलेली होती त्याच क्रमाने बांधावीत, कारण त्यांच्यातही मानपान असतो. महिनाभराची जुनी वैरण बरोबर न्यावी. धार काढणारा हात बदलू नये. ट्रकने न्यायची असतील तर १९७८ च्या नियमांप्रमाणे एका मालट्रकमध्ये सहाहून अधिक गुरे भरता येत नाहीत, त्यांच्याबरोबर दुसरा माल भरता येत नाही, आणि खाली गवत अंथरावे लागते. हे नियम किती ट्रकवाल्यांना माहीत आहेत कोणास ठाऊक! कोंबड्या अंधारात शांत असतात. त्यांना रात्री उचलावे आणि नव्या खुराड्यात काही दिवस कोंडून ठेवावे. मग त्या संध्याकाळी आपोआप तिथेच परत येतात.

यात पैशाचे काम फारसे नाही. वेळेचे आहे, आणि आधी विचार करण्याचे आहे. दर वर्षी बिऱ्हाड हलवणारी माणसे आपल्याच भागात आहेत. पावसाळा संपला की निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्यांवरून धनगरांचे कळप जाताना आपण पाहतो. घोड्याच्या पाठीवर सारा संसार, त्यावर कोंबड्या, कधी एखादे तान्हे कोकरू, आणि मागेपुढे कुत्री. त्यांचे कुत्रे हरवले असे क्वचितच ऐकू येते. कारण त्यांचे घर म्हणजे चार भिंती नव्हेत, कळप हेच घर. जनावरे बिऱ्हाडाबरोबर जात नाहीत, बिऱ्हाड जनावरांबरोबर जाते. साखर कारखान्यांवर गाड्या घेऊन येणारे ऊसतोड कामगारही आधी बैलांची जागा पाहतात, मग आपली खोपटी बांधतात. ज्यांना आपण अडाणी समजतो त्यांच्या यादीत जनावर पहिले असते. माझ्यासारख्या शिकलेल्याच्या यादीत ते नसते.

आता हा प्रश्न आमच्या एका घरापुरता राहिलेला नाही, म्हणून हा लेख लिहायचे धाडस केले. जांबोटीच्या दक्षिणेला भीमगडचे जंगल आहे. २०११ मध्ये ते अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे रॉटनचे वटवाघूळ तिथल्या बारापेडे गुहांत राहते. याच जंगलात गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर, तळेवाडी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची गावे आहेत. तिथल्या लोकांचे हाल आपण जाणतोच. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावर वाहून कित्येक किलोमीटर जंगलातून बाहेर आणल्याची बातमी सर्वांनी वाचली. मे २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना स्वेच्छेने बाहेर पडण्यासाठी मिळणाऱ्या पंधरा लाखांपैकी दहा लाखांचा पहिला हप्ता देण्यात आला. इतर गावांतही आता हीच चर्चा आहे. कोणी जायला तयार आहेत, कोणी नाहीत. जावे की राहावे हे ज्यांचे त्यांनी ठरवावे. तो अधिकार माझा नाही.

पण जे जातील त्यांच्या गोठ्याचे काय? या योजनेचे माप 'कुटुंब' हे आहे. एका कुटुंबाला इतके लाख. कुटुंब म्हणजे माणसे. ज्याच्या गोठ्यात बारा म्हशी आहेत त्यालाही तेवढेच आणि ज्याच्याकडे एक शेळीही नाही त्यालाही तेवढेच. जंगलातल्या माणसाची गुरे रानात चरतात, ओढ्याचे पाणी पितात. तोच माणूस तालुक्याच्या गावाजवळ चार गुंठे जागा घेऊन घर बांधतो तेव्हा त्याला चराऊ रान कुठे? मग तो घाईने गुरे विकतो, आणि ज्याला विकायची घाई त्याला भाव कोण देतो? कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच म्हणेन की हा साधा जमाखर्चाचा प्रश्न आहे. दूध, शेण, वासरे, शेताची मशागत हे त्या कुटुंबाचे उत्पन्न होते. भरपाईच्या हिशेबात जमेची बाजू मोठ्या अक्षरांत लिहिली जाते, आणि ही खर्चाची बाजू कोरी राहते. असा ताळेबंद आमच्या सरांपुढे ठेवला तर ते शून्य गुण देतील.

कुत्र्यांचा प्रश्न याहून निराळा, आणि तो जंगलाच्याही हिताचा आहे. गाव उठते, पण कुत्री मागे राहतात. माणसाच्या भाकरीवर वाढलेली ही कुत्री उपाशी पडली की टोळी करून हरणांच्या मागे लागतात. त्याहून वाईट म्हणजे ती आपले रोग रानाला देतात. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर नावाच्या रोगाने १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटी अरण्यात सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश, मेले. तो आला होता आसपासच्या वस्त्यांतल्या पाळीव कुत्र्यांकडून. आपल्याकडे गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांच्यातही या रोगाचे विषाणू सापडले. भीमगडच्या रानात बिबटे आहेत, रानकुत्री आहेत. जंगल वाचवण्यासाठी गाव हलवायचे आणि गावची कुत्री लस न टोचता त्याच जंगलात सोडून यायचे, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, 'अहो, तिथे माणसाला दवाखाना मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्या-मांजरांचे काय घेऊन बसलात?' हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या आजीला पावसाळ्यात डॉक्टरकडे नेताना काय होते ते मी पाहिले आहे. माणूस पहिला, यात वाद नाही. आम्हीही जांबोटीत आलो ते आजीसाठीच आलो, आणि आलो हे बरेच केले. परंतु माणूस पहिला याचा अर्थ जनावर शेवटचेही नव्हे असा होत नाही. दुसरे असे की जंगलातल्या कुटुंबाचे माणूस आणि गुरे असे दोन भाग करताच येत नाहीत. आज्जांना नव्या घरात झोप लागेना तेव्हा ते उठून गोठ्यात गंगव्वाजवळ जाऊन बसत. जुन्या घरातले तेवढेच एक त्यांच्याबरोबर श्वास घेत होते. जनावराला रुळवता रुळवता माणूसही रुळतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गाव हलवायचे ठरले की कुटुंबांच्या यादीबरोबर जनावरांचीही यादी करावी. निघण्यापूर्वी पशुवैद्यकीय शिबिर घेऊन गुरांना आणि कुत्र्यांना लसी टोचाव्यात. नव्या जागी घराआधी गोठा उभा राहील असे पाहावे, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या वैरणीची तरतूद करावी. जे विकतील त्यांना योग्य भाव मिळेल अशी व्यवस्था असावी. एकही कुत्रे मागे राहू नये. याला पंधरा लाखांच्या मानाने किती खर्च येईल? आणि आपल्या कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची मुले ही यादी करण्याचे काम एका रविवारात करू शकणार नाहीत का? घरोघरी विचारायला मराठी येणारी मुले हवीत, कचेरीतले अर्ज लिहायला कन्नड येणारी. दोन्ही आपल्याकडे आहेत.

शहरातल्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. भाड्याचे घर बदलताना 'नवा मालक कुत्रे ठेवू देत नाही' म्हणून कुत्र्याला दूरच्या रस्त्यावर सोडून येणारी माणसे आपल्यात आहेत. पोत्यात घालून मांजर सोडण्याची तर आपल्याकडे जुनी चाल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! १९६० मध्ये त्या पन्नास रुपयांना काही वजन होते. पुढे रुपयाची किंमत घसरत गेली, दंडाचा आकडा तसाच राहिला. अर्थशास्त्राच्या तासाला चलनवाढीचे उदाहरण म्हणून तो सांगण्यासारखा आहे, पण त्याच्या धाकाने कोणी मांजर सोडायचे थांबणार नाही. म्हणून ज्याला खरोखरच जनावर नेता येत नाही, त्याने निदान ते कोणाच्या तरी हाती सोपवून जावे. आमची मनी त्या शेजारच्या काकूंच्या चुलीजवळ आज सुखात आहे. आम्ही तिला टाकली, काकूंनी तिला ठेवली. त्याचे श्रेय आमचे नाही.

महाभारतात धर्मराजाने कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायचे नाकारले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. आपल्याला स्वर्गाच्या दारापर्यंत जायचे नाही. या घरातून त्या घरात, फार तर या गावातून त्या गावात जायचे आहे. तेवढ्या वाटेवर तरी आपले जनावर आपल्याबरोबर असावे आणि तिथे पोचल्यावर पंधरा दिवस आपण त्याच्याबरोबर असावे.

माझी ती यादीची वही अजून माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मी तिच्यात शेवटी चार ओळी वाढवल्या. ६२ : गंगव्वा. ६३ : मनी. ६४ : कोंबड्या, सात. ६५ : मोत्या. जमाखर्चात मागाहून नोंद करणे चांगले नव्हे, असे आमचे सर सांगतात. ते खरे आहे. वाचकहो, तुमचे बिऱ्हाड जेव्हा हलेल तेव्हा ही नोंद तुम्ही आधीच करा.